चौथी बाजू

भर दुपारी तीन अनोळखी माणसं दाराशी येतात. घरधनी म्हातारा, बायकोला मूलबाळ नाही. तो उन्हात धावत जातो, जमिनीपर्यंत वाकतो, पाय धुवायला पाणी देतो, झाडाखाली बसवतो. बायकोला सांगतो, पटकन पीठ मळ, भाकरी टाक. स्वतः गुरांकडे पळतो. थोड्या वेळानं कोवळ्या वासराचं मांस, दही, दूध पुढ्यात येतं. पाहुणे विचारतात, तुझी बायको कुठे आहे? आणि सांगतात, पुढच्या वर्षी या सुमारास तिला मुलगा झालेला असेल. तंबूच्या दाराआड उभी असलेली नव्वदीची म्हातारी ते ऐकते आणि मनातल्या मनात हसते.

मराठी कानाला ही गोष्ट अर्धी ओळखीची वाटते. आपल्याकडेही तीन पाहुणे असेच एका बाईच्या दाराशी आले होते. अत्री ऋषी घरी नाहीत, ब्रह्मा-विष्णू-महेश वेष पालटून भिक्षा मागायला आलेत, आणि अनसूयेला त्यांनी घातलेली अट अशी की कुठल्याही बाईनं दार लावून घ्यावं. तिनं दार लावलं नाही. तिघांची तिनं तान्ही बाळं केली आणि पदराखाली घेतलं. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात ही गोष्ट आहे. तिच्या शेवटी आपल्याला दत्त मिळतात. कॅलेंडरवर, रिक्षाच्या काचेवर, औदुंबराखाली दिसणारे, तीन शिरांचे आणि सहा हातांचे.

पहिली गोष्ट बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली. म्हातारा अब्राहाम, म्हातारी सारा. या गोष्टीवरून पंधराव्या शतकात रशियातल्या आंद्रेई रुब्लेव्ह नावाच्या मठवासी चित्रकारानं एक चित्र रंगवलं. त्याला ‘त्रैक्य’ म्हणतात. मला या चित्राबद्दल लिहायचंय, कारण ख्रिस्ती धर्मातली सगळ्यात अवघड कल्पना समजावण्याचा जितका प्रयत्न शब्दांनी केलाय, त्यापेक्षा हे चित्र पुढे जातं असं मला वाटतं. आणि असंही वाटतं की पुढे जाताना ते एक महत्त्वाची गोष्ट मागे टाकून जातं.

आधी कल्पना. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नाही, पुत्र म्हणजे आत्मा नाही. तरी देव तीन नाहीत. मराठीतला ‘त्रैक्य’ हा शब्द प्रामाणिक आहे. तीन आणि ऐक्य शेजारी ठेवून तो गप्प बसतो, कसं ते सांगत नाही.

मी पोटासाठी कोड लिहितो. माझ्यासारख्या माणसापुढे हे ठेवलं तर तो दोन डिझाइन सुचवेल. पहिलं, ‘देव’ हा क्लास आणि त्याचे तीन ऑब्जेक्ट. दुसरं, ऑब्जेक्ट एकच, पण तीन रोल. घरी बाप, ऑफिसात मॅनेजर, सोसायटीत सेक्रेटरी. दोन्ही डिझाइन सोळाशे वर्षांपूर्वीच तपासून नाकारली गेली आहेत. चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी या धर्मपंडितापुढे नेमका पहिला प्रश्न आला होता: पेत्र, याकोब, योहान ही जर तीन माणसं, तर पिता, पुत्र, आत्मा हे तीन देव का नाहीत? दुसरं डिझाइन त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात साबेलियस या नावाशी जोडून पाखंड ठरलं होतं. संडे स्कूलमधलं ‘पाणी, बर्फ आणि वाफ’ हे उदाहरण त्याच जातीचं. तेच पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ होऊन एकमेकांशी बोलत नाही, आणि शुभवर्तमानात पुत्र पित्याशी बोलतो. तिसरी वाट एरियसची. पुत्र सगळ्यांत श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला, म्हणजे एक पायरी खाली. ३२५ साली निकेया इथल्या धर्मसभेनं ती वाट बंद केली आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनंतर सूत्राला आज म्हणतात तसा आकार आला.

त्या भांडणातून जे शहाणपण निघालं, ते मराठी माणसाला समजायला अजिबात जड नाही. ‘बाप’ हा शब्द एकट्या माणसाला लागू होत नाही. मूल झालं की बाप होतो. आपल्या गावांत बायका एकमेकींना ‘अमक्याची आई’ म्हणून हाक मारतात, तेव्हा नाव बाजूला पडतं आणि नातं तेवढं उरतं. चौथ्या शतकातल्या त्या धर्मपंडितांचं म्हणणं असं: देव जर नेहमीच पिता असेल, तर पुत्रही नेहमीचाच असला पाहिजे. आणि तिघांत फरक काय, तर फक्त नात्याचा. एकापासून दुसरा जन्मतो, एकापासून तिसरा निघतो. शक्ती, ज्ञान, वय, मान यांत तसूभर फरक नाही. ब्रह्मदेवानं घडवायचं, विष्णूनं सांभाळायचं, शंकरानं मोडायचं, अशी कामाची वाटणीही नाही. म्हणून त्रिमूर्तीशी ही कल्पना जुळवायला गेलं की आकडा जुळतो आणि बाकी काही जुळत नाही.

हे सगळं वाक्यात मांडता येतं. चित्रात कसं मांडणार? चित्रकाराला तिघं काढले की तीन देव दिसतात. एक काढला की तिघं दिसत नाहीत.

युरोपनं यावर दत्तासारखा उपायही करून पाहिला. एका धडावर एक डोकं आणि त्याला तीन चेहरे अशी त्रैक्याची चित्रं पश्चिमेकडच्या चर्चमध्ये बराच काळ काढली जात होती. १६२८ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांवर बंदी घातली. आपल्याला त्यात विचित्र काहीच वाटणार नाही. दत्ताची तीन मुखं पाहत आपण मोठे झालो. पण त्रैक्याच्या सिद्धांताला ते चित्र खरंच चालत नाही, कारण एका मानेवरचे तीन चेहरे एकमेकांकडे पाहू शकत नाहीत. दत्ताच्या तिन्ही नजरा आपल्याकडे आणि दिशांकडे असतात. भक्ताला ते पुरतं. इथे मात्र देवाच्या आतच नातं आहे असा दावा आहे, आणि नात्याला समोरासमोर बसायला जागा लागते.

दुसरा मोठा उपाय फ्लॉरेन्सचा. सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या भिंतीवर माझाच्चो या तरुण चित्रकारानं १४२५ ते १४२७च्या सुमारास ‘त्रैक्य’ रंगवलं. सपाट भिंतीत खोल कमानीची खोली असल्याचा भास होतो. रेषा गणितानं मागे जाऊन एका बिंदूत मिळतात, आणि युरोपात खोलीचं हे गणित इतकं काटेकोर वापरणाऱ्या पहिल्या चित्रांत त्याचं नाव घेतात. पुत्र क्रूसावर आहे, मागे उभा असलेला पिता क्रूसाला आधार देतोय आणि दोघांच्या मध्ये पवित्र आत्मा पांढऱ्या कबुतराच्या रूपात. चित्र थोर आहे. पण एक म्हातारा, एक तरुण आणि एक पक्षी हे सारखे आहेत, असं ते पाहून कुणाच्याही मनात येणार नाही. वय आलं की उतरंड आली. सिद्धांत जिथे समानता म्हणतो, तिथे डोळ्याला कुटुंबप्रमुख दिसतो.

जवळपास त्याच काळात, फार तर पंधरा-वीस वर्षं मागेपुढे, मॉस्कोच्या उत्तरेला सेर्गियस या संताच्या मठासाठी रुब्लेव्ह काम करत होता. नक्की वर्षाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. आयकॉन म्हटलं की आपल्याला फोनवरचं अ‍ॅपचं चित्र आठवतं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आयकॉन म्हणजे लाकडी फळीवर, अंड्याच्या बलकात खलवलेल्या रंगांनी काढलेलं, ज्याच्यापुढे मेणबत्ती लावून प्रार्थना करतात असं चित्र. हे आयकॉन सुमारे १४२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद आहे. मी ते स्क्रीनवरच पाहिलंय, तेही झूम करकरून. तुम्हीही वाचता वाचता शोधून शेजारी उघडून ठेवा, पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

तीन पंखवाले देवदूत एका टेबलाभोवती बसलेत. टेबलावर एकच पात्र, त्यात वासराचं डोकं. मागे डावीकडे घर, मध्ये झाड, उजवीकडे डोंगर. बस्स. अब्राहाम नाही, सारा नाही, भाकऱ्या नाहीत.

आधीच्या चित्रकारांनी एवढी काटछाट केली नव्हती. इटलीत राव्हेन्ना इथल्या सान व्हिताले चर्चमधल्या सहाव्या शतकातल्या मोझेकमध्ये अब्राहाम ताटात वासरू घेऊन येतोय आणि सारा दारात उभी आहे. रुब्लेव्हच्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे ग्रीक थिओफानिस. दोघांनी १४०५ साली मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या चर्चमध्ये एकत्र काम केलं होतं. थिओफानिसनं १३७८ साली नोव्हगोरोदमध्ये काढलेल्या ‘त्रैक्या’त मधला देवदूत पंख पसरून बाकी दोघांवर छत्र धरल्यासारखा बसलाय. पाहताक्षणी कळतं, साहेब कोण.

रुब्लेव्हच्या चित्रात साहेब सापडत नाही. तिघांचे चेहरे जवळपास एकच आहेत, वयही एकच. तिघांच्या हातात सारख्या बारीक काठ्या. तिघांच्या अंगावर कुठे ना कुठे तोच निळा: मधल्याच्या उपरण्यात, डाव्याच्या आतल्या झग्यात, उजव्याच्याही. मधला जरा उंच आहे, पण त्याची मान वाकलेली. डावा कडेला आहे, पण बाकी दोघांच्या माना त्याच्याकडे झुकल्यात. उंची एकाकडे, रोख दुसऱ्याकडे. डोळ्यानं एकाला मोठं ठरवायला जावं, तर पुढचाच तपशील तो निकाल फिरवतो. तिघांच्या बाहेरच्या कडा मिळून एक वर्तुळ होतं, आणि ते वर्तुळ रुब्लेव्हनं रेषेनं काढलेलं नाही. खांदे, पंख, गुडघे यांच्या कलण्यातून ते होतं.

आता सिद्धांताशी ताडून पाहा. फरक फक्त नात्याचा, बाकी कशाचाच नाही. चित्रातही तेच आहे. चेहऱ्यांवरून या तिघांना वेगळं ओळखता येत नाही. कोण कोणाकडे पाहतंय, एवढ्यावरूनच ते वेगळे होतात. वाक्यात जे कोरडं वाटतं, ते इथे मानेच्या कोनात आहे. म्हणूनच कुठला देवदूत म्हणजे कोण, यावर आजही एकमत नाही. बहुतेक जण डावीकडून पिता, पुत्र, आत्मा असं वाचतात, काही जण मधल्याला पिता मानतात. रुब्लेव्हनं कुणावर नाव लिहिलं नाही, कुणाच्या प्रभावळीत क्रूस काढला नाही. १५५१ साली मॉस्कोत भरलेल्या ‘स्तोग्लाव’ धर्मसभेपुढे हाच प्रश्न आला: काही चित्रकार मधल्याच्या प्रभावळीत क्रूस काढतात, काही तिघांच्याही, मग बरोबर काय? सभेनं सांगितलं, जुन्या ग्रीक चित्रकारांप्रमाणे आणि आंद्रेई रुब्लेव्हप्रमाणे काढा. मला हे उत्तर फार आवडतं. ओळख पटवून द्या म्हणणाऱ्याला ज्या चित्रानं ओळख दिली नाही, तेच नमुना म्हणून पुढे केलं.

मूळ गोष्टीतही हा घोळ आहेच. परमेश्वर अब्राहामाला दिसला असं म्हणून अध्याय सुरू होतो, मग तीन पुरुष येतात, अब्राहाम कधी एकाशी बोलल्यासारखा बोलतो तर कधी तिघांशी. ज्यू परंपरा त्यांना देवदूत मानते. ख्रिस्ती वाचकांनी या एकवचन-अनेकवचनाच्या लपंडावात पुढे त्रैक्य वाचलं. आपल्या भाषेत ‘बाबा आले’ म्हणताना माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी असतं, पण तो मानाचा प्रश्न असतो. तिथे व्याकरणानं अडचण केली आणि चित्रकारानं त्या अडचणीत जागा शोधली.

इथपर्यंत रुब्लेव्ह बिनतोड आहे. माझी तक्रार पुढे सुरू होते.

साराला काढून टाकलं. ऑर्थोडॉक्स परंपरेत या प्रसंगाच्या चित्रांना ‘अब्राहामाचं आतिथ्य’ म्हणतात. आतिथ्यातून यजमान काढले तर काय उरतं? पीठ कुणी मळलं? मूळ गोष्टीत पिठाचं मापसुद्धा दिलंय, तीन मापं सपीट. ते मळणारी म्हातारी देवाचं बोलणं ऐकून हसते, आणि विचारल्यावर भीतीनं ‘नाही हसले’ म्हणते. देव म्हणतो, हसलीस. संपूर्ण प्रसंगातलं मला सगळ्यांत खरं वाटणारं बोलणं ते आहे. होणाऱ्या मुलाचं नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. रुब्लेव्हच्या चित्रात कुणीच हसत नाही. तिथे इतकी शांतता आहे की हसू आलं तर चित्र मोडेल.

अनसूयेची गोष्ट इथे मला उजवी वाटते. तिथेही तीन देव, तिथेही पाहुणचार, पण बाई हा कथेचा कणा आहे. देवांचं एक होणं तिच्या मांडीवर घडतं. रुब्लेव्हला देवाचं ऐक्य माणसाशिवाय दाखवायचं होतं, कारण सिद्धांत तसंच सांगतो: जग नव्हतं तेव्हाही हे तिघं असेच होते. तर्क बरोबर आहे. पण त्या तर्काची किंमत स्वयंपाकघरानं चुकवली. तिघांचं प्रेम पूर्ण आहे, त्यांना कुणाची गरज नाही, आणि गरज नसलेल्या देवाला भाकरी कशाला वाढायची?

या प्रश्नाचं उत्तर चित्रातच आहे की काय, असं मला टेबलाकडे परत पाहताना वाटतं. तीन बाजूंना तिघं बसलेत. चौथी बाजू, आपल्याकडची, मोकळी आहे. देवदूतांच्या पायाखालच्या चौरंगांकडे पाहा. माझाच्चोच्या भिंतीत रेषा आत जाऊन मिळतात. इथे उलटं आहे, रेषा चित्राबाहेर, पाहणाऱ्याच्या दिशेनं जवळ येतात. त्या जिथे मिळतील तिथे आपण उभे आहोत. बहुतेक टीकाकार म्हणतात, ही मोकळी जागा म्हणजे आमंत्रण, पाहणाऱ्यानं येऊन चौथा पाहुणा म्हणून बसावं. वाचन सुंदर आहे, लोकप्रियही आहे.

मला ते पटत नाही. सान व्हितालेच्या मोझेकमध्ये वाढणारे बाजूला उभे होते. रुब्लेव्हनं त्यांना चित्रातून काढलं, पण पाहुण्यांपुढे अन्न तर आलेलं आहे. ज्या बाजूनं ते आणून ठेवता येईल अशी एकच बाजू उरली आहे, आणि तिथे आपण उभे आहोत. म्हणजे चौथी जागा पाहुण्याची नाही. ती अब्राहामाची आहे, साराची आहे. चित्र आपल्याला बस म्हणत नसून वाढ म्हणतंय. असं वाचलं तर सारा हरवलेली नाही. ती फळीच्या अलीकडे आली आहे, पीठ लागलेल्या हातांनी. रुब्लेव्हच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. चित्र ते होऊ देतं, एवढंच मी म्हणतो. आणि माझी तक्रारही अर्धीच मिटते, कारण हसू अजून कुठे सापडलेलं नाही.

या वाचनाचा आजच्या जगाशी संबंध आहे, आणि तो फारसा सुखद नाही. सोळाव्या शतकात इव्हान द टेरिबलच्या काळापासून या चित्रावर सोन्याचं आवरण चढलं. मग शतकानुशतकं लोकांना फक्त चेहरे, हात आणि पाय दिसत होते. बाकी सोनं. १९०४ साली व्हासिली गुर्यानोव्ह यांनी आवरण काढून वरचे काळवंडलेले थर साफ करायला घेतले, तेव्हा तो निळा पहिल्यांदा आधुनिक डोळ्यांना दिसला. आवरणाच्या खिळ्यांची भोकं आजही पार्श्वभूमीवर दिसतात. भक्तीनं सोनं चढवलं आणि टेबलाची मोकळी बाजू झाकली. १९२९मध्ये क्रांतीनंतरच्या राजवटीत चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात गेलं. तिथे आर्द्रता आणि तापमान सांभाळलेल्या काचेच्या पेटीत ते टिकलं, पण त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची सोय राहिली नाही.

जुलै २०२२मध्ये जतनतज्ज्ञांचा विरोध असताना ते काही दिवसांसाठी सेर्गियसच्या मठात नेलं गेलं. मे २०२३मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या निर्णयानं ते चर्चला देण्याचं जाहीर झालं, जूनमध्ये ते मॉस्कोच्या भव्य कॅथेड्रलमध्ये ठेवलं गेलं, आणि जून २०२४मध्ये पुन्हा मठात पोचलं. या सगळ्या काळात युक्रेनमध्ये युद्ध चालू होतं आणि त्या युद्धाला चर्चच्या प्रमुखांचा उघड पाठिंबा होता.

संग्रहालय बरोबर की चर्च, या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. आयकॉन प्रार्थनेसाठी केलेलं असतं, हे खरं. सहाशे वर्षांची फळी हवा बदलली की तडकते, हेही खरं. पण चित्राचा मालक कोण हे एका माणसाच्या सहीनं ठरावं, आणि तेही या चित्राबाबत, ही गोष्ट चित्राच्या आतल्या अर्थालाच धक्का देते. तिघांत साहेब नाही, हे दाखवायला रुब्लेव्हनं प्रत्येक मान मोजून वाकवली होती. ते चित्र साहेबाच्या हातून भेट म्हणून घेतलं जातं आणि ज्या देशाच्या तोफा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरांवर पडतायत, त्याच देशाच्या आशीर्वादासाठी टांगलं जातं, तेव्हा सिद्धांत तसाच राहतो, चित्रही तसंच राहतं, चौथ्या बाजूला उभा असलेला माणूस मात्र बदललेला असतो.

त्रैक्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी ख्रिस्ती नाही आणि दत्ताचाही फार मोठा भक्त नाही. पण देवाची कल्पना सिंहासनाभोवती रचायची की टेबलाभोवती, हा फरक ती कल्पना न मानणाऱ्यालाही लागू पडतो. सिंहासनापुढे उभं राहून मागता येतं. टेबलापुढे उभं राहिलं की हातात ताट असावं लागतं. अब्राहामानं आधी पाणी दिलं, भाकरी दिली, आणि पाहुणे कोण आहेत हे त्याला जेवणानंतर कळलं.